कंडेन्सर बदलताना

घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्पचा आवाज सुधारायचा म्हटलं की पहिला हात कंडेन्सरकडे जातो. ट्रान्सफॉर्मर बदलणं खर्चाचं, चांगले जुने व्हॉल्व्ह मिळणं नशिबाचं, आणि रेझिस्टरमध्ये कुणाला रस नसतो. कंडेन्सर मात्र दोन टोकं सोडवली की निघतो, नवा बसतो, आणि त्याच संध्याकाळी रेकॉर्ड लावून मान डोलावता येते. मान डोलते हे खरं. ती कंडेन्सरमुळे डोलते की पैसे खर्च झाले म्हणून, हा हिशेब वेगळा. खालची बरीचशी टिपणं त्या हिशेबाची आहेत.

*

यंत्र काय आहे त्याची नोंद. अ‍ॅल्युमिनियमची चेसिस. फोनोसाठी प्रत्येक चॅनलला एक ईसीसी८३, म्हणजेच अमेरिकन नावाने १२एएक्स७; त्यातले दोन ट्रायोड एकामागे एक, मध्ये पॅसिव्ह आरआयएए नेटवर्क, म्हणजे रेकॉर्ड कापताना दिलेला कर्व्ह उलटवून सरळ करणारं. पुढे लाइन स्टेजला एकच ईसीसी८२, अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे. रेक्टिफायर ईझेड८१. पीसीबी नाही, सगळं टॅगस्ट्रिपवर. म्हणून बदलाबदल सोपी, आणि म्हणूनच मोहही जास्त.

*

दुकानाची भाषा. ‘फॉर्टीसेव्हन बाय फोर-फिफ्टी’ म्हणजे ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. फिल्म कंडेन्सरवर नुसता आकडा असतो: १०४ म्हणजे दहावर चार शून्यं इतके पिकोफॅरड, ०.१ मायक्रोफॅरड. २२४ म्हणजे ०.२२, ४७४ म्हणजे ०.४७. आकड्यामागचं अक्षर सहनशीलतेचं: जे म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे, के म्हणजे दहा, एम म्हणजे वीस. आकडा सगळे वाचतात, अक्षर कुणी वाचत नाही. काउंटरवरच्या माणसाला ‘जे आहे का’ विचारलं की तो एकदा वर बघतो आणि मग मागच्या खणात हात घालतो.

*

प्रीअ‍ॅम्पमधले सगळे कंडेन्सर एकाच कामाचे नसतात. हे लिहून ठेवावं लागतं, कारण विकणारे सगळ्यांना एकच औषध देतात.

एक, कपलिंगचे: आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा डीसी अडवायचा, गाणं तेवढं पुढे सोडायचं. दोन, कॅथोड बायपास. तीन, एचटीचे, म्हणजे हाय टेन्शन सप्लायचे. चार, आरआयएए नेटवर्कमधले. पाचवा एक गुपचूप बसलेला असतो, मेन्सच्या तोंडाशी. त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण तो आवाजाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

*

कपलिंगचा हिशेब शाळेतल्या सूत्राचा आहे: एक भागिले दोन पाय आर सी. ०.१ मायक्रोफॅरड आणि पुढे एक मेगओहम असेल तर खालचा कोपरा १.६ हर्ट्झवर. तक्रारीला जागाच नाही. तोच ०.१ प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुटला असेल, आणि पुढे १० किलोओहम इनपुटचा ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प जोडला, तर कोपरा थेट १५९ हर्ट्झवर येतो.

जुनी सर्किटं व्हॉल्व्हच्या पॉवर अ‍ॅम्पसाठी काढलेली. त्यांना पुढे निदान काहीशे किलोओहम मिळतील ही खात्री होती. आज पुढचा अ‍ॅम्प बहुधा १० नाही तर २२ किलोओहमचा असतो. मग ‘व्हॉल्व्हचा आवाज गोड पण बास नाही’ असं ऐकू येतं. व्हॉल्व्ह बिचारा काही करत नाही. तिथे ०.१ काढून २.२ मायक्रोफॅरडचा साधा फिल्म कंडेन्सर घाला, कोपरा ७ हर्ट्झवर जातो. या एका बदलाइतका ऐकू येणारा दुसरा बदल माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यात ब्रँडचा काही संबंध नाही.

हा दोष तंबोऱ्यावर ओळखायला जाऊ नये. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झची. १५९चा कोपरा तिथे आठ डेसिबल खातो, तरी कानाला फारसं जाणवत नाही. तंबोऱ्यात तसाही मूळ स्वर दुबळा, जवारीचा सगळा जोर वरच्या स्वरांवर. डग्ग्यावर ऐकावं. मनगट दाबून घेतलेली मींड नुसती ‘गुं’ अशी सुरू होते आणि तिला तळ नसतो, तेव्हा कॅल्क्युलेटर काढावा.

*

उलट बाजूने: कपलिंग वाढवत नेणं हाही उपाय नव्हे. प्रत्येक ठिकाणी दहापट केलं तर टर्नटेबलचा रंबल, वाकड्या रेकॉर्डचं डोलणं, सगळं खुलेआम पॉवर अ‍ॅम्पमध्ये जातं आणि वूफरचा पडदा काही आवाज नसताना आत-बाहेर करू लागतो. त्यात एचटीचे डीकपलिंग कंडेन्सर जुनेच राहिले असतील तर दोन स्टेज सप्लायमधून एकमेकींशी बोलू लागतात आणि स्पीकरमधून फट्-फट्-फट् सुरू होतं. इंग्रज लोक त्याला मोटरबोटिंग म्हणायचे. भाऊच्या धक्क्यावर उभं राहिलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

*

आता मुख्य गोष्ट. सिग्नलचा व्होल्टेज कुठल्या कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये पडतो?

०.२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर, पुढे एक मेगओहम. १०० हर्ट्झला त्याची अडवणूक सुमारे ७.२ किलोओहम. म्हणजे सिग्नलचा शेकडा एकसुद्धा भाग त्याच्यावर पडत नाही. बाकी सगळा पुढे जातो. वरच्या पट्टीत तर आणखी कमी. ज्याच्या अंगावर व्होल्टेजच नाही त्याने विकृती आणायची कशी? ऑडिओ सर्किटवर लिहिणारा डग्लस सेल्फ हेच वर्षानुवर्षं मोजून दाखवत आला आहे: इलेक्ट्रोलिटिकसुद्धा पुरेसा मोठा घेतला की विकृती मीटरच्या तळाशी जाते, आणि पॉलिएस्टरची विकृती दिसते ती फिल्टरच्या कोपऱ्याजवळ, जिथे सिग्नल खरोखर कंडेन्सरवर पडतो.

आणि आरआयएए नेटवर्क म्हणजे सगळाच कोपरा. तिथे ५० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ, २१२२ हर्ट्झ, असे तीन कोपरे मुद्दाम केलेले. संपूर्ण पट्ट्यात सिग्नल त्या दोन कंडेन्सरवर पडत असतो. म्हणजे चांगलं डायइलेक्ट्रिक, घट्ट टॉलरन्स हवं तर ते इथे हवं.

प्रत्यक्षात चालतं उलटं. कपलिंगला डेन्मार्कहून मागवलेला तांब्याच्या फॉइलचा, तेलातल्या कागदाचा अंगठ्याएवढा कंडेन्सर, किंमत हजारांत. आणि आरआयएएमध्ये दोन रुपयांची सिरॅमिक टिकली, २० टक्क्यांची. असा एक प्रीअ‍ॅम्प मी झाकण उघडून पाहिला आहे. मालकाला काही बोललो नाही. चहा चांगला होता.

*

१९८० साली अमेरिकेतल्या ‘ऑडिओ’ मासिकात वॉल्ट जंग आणि रिचर्ड मार्श यांनी ‘पिकिंग कपॅसिटर्स’ ही दोन भागांची लेखमाला लिहिली. फेब्रुवारी आणि मार्च. तोपर्यंत हौशी लोक कंडेन्सरकडे आकडा म्हणून बघत होते. तिथून जात-गोत बघायला लागले. डायइलेक्ट्रिक अ‍ॅबसॉर्प्शन, म्हणजे कंडेन्सर रिकामा केला तरी थोडा चार्ज धरून ठेवतो तो गुण, हा मुद्दा त्यांनी घराघरांत नेला. टेफ्लॉन आणि पॉलिस्टायरिन यात सर्वांत बरे, पॉलिप्रॉपिलिन त्यांच्या मागोमाग, पॉलिएस्टर बराच मागे, इलेक्ट्रोलिटिक अगदी शेवटी. क्रम बरोबरच आहे. घोटाळा एवढाच की क्रम लोकांनी उचलला आणि ‘कुठे’ हा प्रश्न मासिकातच राहिला.

पुढे २००२-०३ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड’मध्ये सिरिल बेटमनने कंडेन्सरची विकृती एकेक करून मोजली. पॉलिस्टायरिन, पॉलिप्रॉपिलिन आणि एनपीओ जातीचा सिरॅमिक, तिन्ही स्वच्छ. सिरॅमिक म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी एनपीओचं नाव वेगळं लिहून ठेवावं. वाईट तो एक्स७आर आणि त्याचे भाऊबंद. त्यांचं मूल्य व्होल्टेजबरोबर बदलतं, आणि पेन्सिलीने टिचकी मारली तर स्पीकरमध्ये ऐकू येते.

*

आरआयएए, माझ्या वहीतले आकडे. मालिकेत आर१, मग जमिनीकडे आर२ आणि सी१ एकामागे एक, त्यांना समांतर सी२. सी१ म्हणून ०.०१ मायक्रोफॅरड धरला तर आर२ ३१.८ किलोओहम, आर१ सुमारे २१८ किलोओहम, सी२ सुमारे ३४०० पिकोफॅरड. हे गणित १९७९ साली स्टॅन्ली लिपशित्झने नीट मांडून ठेवलं, त्यामुळे आता अंदाजाने चालण्याचं कारण उरलेलं नाही.

पण कागदावरचे हे आकडे तसेच्या तसे सोल्डर करायचे नाहीत. आर१मध्ये आधीच्या व्हॉल्व्हचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स धरलेला असतो. ईसीसी८३चा अंतर्गत ६२.५ किलोओहम आणि प्लेटचा १०० किलोओहम समांतर घेतले की ३८ किलोओहम. म्हणून खरा रेझिस्टर १८०चा. ग्रिडचा एक मेगओहम हिशेबात घेतला तर हे थोडं आणखी हलतं. तसंच सी२मध्ये पुढच्या व्हॉल्व्हची मिलर कपॅसिटन्स आयती येऊन बसते: प्लेट आणि ग्रिडमधले १.६ पिकोफॅरड, गुणिले गेन अधिक एक, म्हणजे जवळजवळ १००. म्हणून ३४००ऐवजी बाजारातला ३३००चा नग चालून जातो.

गंमत ही की व्हॉल्व्ह म्हातारा होतो तेव्हा त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढतो आणि कर्व्ह आपोआप किंचित सरकतो. एक टक्का टॉलरन्सचे कंडेन्सर घालून वर दमलेला व्हॉल्व्ह ठेवणारे खूप आहेत.

*

एका टाइम कॉन्स्टंटमध्ये दहा टक्के चूक झाली तर जास्तीत जास्त ०.८ डेसिबलचा फरक पडतो. कमी वाटतो. पण तो एका सुरावर नसतो, पट्टीच्या मोठ्या भागावर पसरतो, आणि असा पसरलेला अर्धा डेसिबलही ‘आवाज जरा उघडा’ किंवा ‘आवाज जरा बसका’ असा ऐकू येतो. ‘पॉलिप्रॉपिलिन घातल्यावर वरचा भाग मोकळा झाला’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो: जुना किती भरत होता, नवा किती भरतो, मोजलंस का? बहुतेकदा जुना १० टक्के वर असतो.

पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलिन, दोन्ही मीटरवर जुळवून कपलिंगला घातले तर मला फरक सांगता येत नाही. जुळवले नसतील तर आरआयएएमध्ये नक्की सांगता येतो.

*

ऐकून तपासायचं तर असं. एका चॅनलला जुना, दुसऱ्याला नवा. मोनो रेकॉर्ड लावून बॅलन्स इकडून तिकडे फिरवायचा हा सगळ्यांना सुचणारा मार्ग, पण कार्ट्रिजच्या दोन बाजूंत एक-दीड डेसिबलचा फरक सहज असतो आणि कान त्यालाच फसतो. लाइन स्टेज तपासायची असेल तर सीडी प्लेअरचा एकच चॅनल वाय-लीडने दोन्ही इनपुटला द्यावा, एक किलोहर्ट्झच्या टोनवर दोन्ही आउटपुट मल्टिमीटरवर एका टक्क्याच्या आत आणावेत, आणि स्विच दुसऱ्याच्या हातात द्यावा. धाकट्या भावाला बसवलं तर तो दहा मिनिटांत कंटाळतो. तेवढा वेळ पुरतो.

*

गळती. इंग्रजीत ज्याला अपग्रेड म्हणतात त्यातला निम्मा भाग खरं तर दुरुस्तीचा असतो.

व्हॉल्व्हच्या प्लेटवर १५० व्होल्ट. मध्ये कपलिंग कंडेन्सर. पुढच्या ग्रिडला एक मेगओहम. कंडेन्सरची गळती १०० मेगओहम असली, म्हणजे साध्या मीटरला ‘ओपन’च दिसली, तरी ग्रिडवर दीड व्होल्ट चढतो. ईसीसी८३चा बायसच मुळात दीड व्होल्टचा. म्हणजे व्हॉल्व्ह भलत्याच जागी काम करतो, प्लेटचा व्होल्टेज पडतो, आवाज जाड आणि किरकिरा होतो. असा कागदी कंडेन्सर काढून चार रुपयांचा पॉलिएस्टर घातला तरी ‘पडदा उठल्यासारखं’ वाटणारच. मग लोक ते श्रेय पाकिटावरच्या नावाला देतात.

तपासायची रीत: कंडेन्सरचं पुढचं टोक सोडवायचं, मागचं प्लेटवर तसंच ठेवायचं, आणि सोडवलेलं टोक ते चेसिस यांच्यामध्ये डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावायचा. मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगओहम. चालू केल्यावर काटा, म्हणजे आता आकडा, आधी उडी मारेल आणि मग उतरत जाईल. काही मिनिटांनी दोन व्होल्टवर अडकून बसला तर गळती हजार मेगओहमच्या आतली. चांगल्या फिल्म कंडेन्सरला तो काही मिलिव्होल्टवर येऊन थांबतो. हात मागे बांधून हे काम करावं. एक हात तरी खिशात.

*

कोकणातून आणि मुंबईतून आलेले जुने रेडिओ उघडले की मेणातले कागदी कंडेन्सर हमखास गेलेले. पावसाळ्यात कागद दमट होतो, मेणाला चिरा पडतात, ओल आत शिरते. पुण्यातल्या कोरड्या माळ्यावरचा तोच रेडिओ बरा निघतो. स्वस्त म्हणून चोरबाजारातून आणलेल्या चेसिसमधून पार्ट काढायचे असतील तर ट्रान्सफॉर्मर घ्यावा, बेस घ्यावेत, व्हॉल्व्ह तपासून घ्यावेत. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एखादा ईसीसी८३ सापडला तर तो दिवस चांगला. कागदी कंडेन्सर मात्र तिथेच सोडावेत.

हे म्हणताना एक गोष्ट आठवते. मॅरँट्झच्या मॉडेल ७ या पन्नाशीच्या दशकाअखेरच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये स्प्रेगचे रंगीत पट्ट्यांचे ‘बंबलबी’, पुढे ‘ब्लॅक ब्यूटी’ कंडेन्सर होते. त्यांचं आवरण तडकतं, गळती सुरू होते. तरीही संग्राहक ते मूळ म्हणून जपतात आणि गेलेल्या कंडेन्सरला सोन्याचा भाव देतात. आणि मुलार्डचे पिवळे ‘मस्टर्ड’, ज्यांच्या आवाजाची इतकी तारीफ होते, ते निव्वळ पॉलिएस्टर. टिकतात मात्र उत्तम.

*

कॅथोड बायपास. दीड किलोओहमला समांतर २५ मायक्रोफॅरड, ही जुनी वहिवाट. कॅथोडकडून पाहिलं तर ईसीसी८३चा प्रभावी रेझिस्टन्स ७७५ ओहमच्या आसपास, म्हणजे कोपरा ८ हर्ट्झ. १०० मायक्रोफॅरड घातला तर २ हर्ट्झ. मोठा घ्यावा, वरच्याच कारणाने, सिग्नल त्याच्यावर पडू नये म्हणून. बायपास असताना गेन सुमारे ६१, काढून टाकला तर ३१. गेन जास्तच असेल तर काढून टाकणं हीसुद्धा सुधारणा आहे आणि ती फुकट होते.

दुसरा मार्ग: कॅथोडला रेझिस्टर आणि कंडेन्सरऐवजी लाल एलईडी. १.७ व्होल्टच्या आसपास बायस मिळतो, कंडेन्सरचा प्रश्नच मिटतो. टॅगस्ट्रिपवर चेसिसच्या आत लाल दिवा लागलेला बघायला मजा येते. बाहेरून कुणाला दिसत नाही.

*

एचटी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून रेक्टिफायरनंतरची घरघर १०० हर्ट्झची. १० किलोओहम आणि २२ मायक्रोफॅरडची एक पायरी ती ४३ डेसिबलनी कमी करते. २२चे ४७ केले तर ४९. म्हणजे दुपटीला सहा डेसिबल, आणि मोठ्या कंडेन्सरचे पैसे दुपटीहून जास्त. त्याऐवजी आणखी एक पायरी वाढवावी.

पहिला कंडेन्सर मात्र हवा तेवढा मोठा घेता येत नाही. ईझेड८१च्या डेटाशीटमध्ये ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे, जीझेड३४ला ६०. त्याच्या वर गेलं की चालू करताना रेक्टिफायरवर प्रवाहाचा असा झटका येतो की आत ठिणगी दिसते. ‘मोठा म्हणजे चांगला’ म्हणून तिथे २२० घालणारे मग नवीन ईझेड८१ शोधत फिरतात.

ज्यांनी सिलिकॉन डायोड वापरले त्यांचा त्रास वेगळा. व्हॉल्व्ह तापायच्या आधीच एचटी पूर्ण चढते. २५० व्होल्टच्या सेकंडरीला बिनलोड ३५३. रात्री उशिरा लाइन २३०ऐवजी २५० झाली की ३८४. ३५० व्होल्टचा कंडेन्सर तिथे किती दिवस टिकणार? ४५०चाच घ्यावा. आणि त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात प्लेटवरही तेवढाच व्होल्टेज असतो, हे कपलिंगवाल्यांनी विसरू नये: २५० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर नको, ४०० किंवा ६३०.

*

इलेक्ट्रोलिटिकवर छोटा फिल्म कंडेन्सर समांतर चढवायची प्रथा आहे. ४७च्या पाठीवर ०.१. डिजिटल सर्किटमध्ये त्याचं कारण आहे. इथे, १०० किलोओहमच्या प्लेट लोडपुढे २२ मायक्रोफॅरड २० हर्ट्झलाही ३६२ ओहमच असतो. वर तर आणखी कमी. मला त्याने काही बदललेलं आढळलं नाही. जागा जाते एवढंच.

*

वर्षातून एकदा, गणपतीत किंवा दिवाळीत, बाहेर निघणारा प्रीअ‍ॅम्प. इलेक्ट्रोलिटिकचा ऑक्साइडचा थर न वापरता पातळ होत जातो, आणि अचानक पूर्ण व्होल्टेज दिलं की गळती वाढून तो तापतो, कधी फुटतो. दुरुस्तीवाल्यांचा सिरीज बोर्ड, म्हणजे ६० वॉटचा बल्ब मेन्सच्या मालिकेत, इथे पहिला वापरावा. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. लखलखतच राहिला तर बंद करून आत बघावं. नवा कंडेन्सर बसवल्यावरही पहिल्यांदा याच बोर्डावर.

उन्हाची बाजूही आहे: इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर दहा अंशाला ढोबळमानाने दुप्पट-निम्मं होतं. १०५ अंशाचा घ्यावा, आणि रेक्टिफायरला चिकटवून उभा करू नये. चेसिसवर छिद्र आधीच तिथे पाडलेलं असतं म्हणून सगळे तिथेच उभा करतात.

*

रिकामा करणं. ४७ मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट: जवळजवळ तीन ज्यूल. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ‘टाक्’ आवाज काढणारे मर्द दुकानात भेटतात. त्यात कंडेन्सरची आणि स्क्रूड्रायव्हरची दोघांची टोकं जातात. २२० किलोओहम, दोन वॉटचा रेझिस्टर कायमचा लावून टाकावा. एका मिनिटात व्होल्टेज एकच्या आसपास येतो. तरी हात घालण्याआधी मीटर लावावा. रिकामा करून ठेवलेला मोठा इलेक्ट्रोलिटिक थोड्या वेळाने स्वतःहून पुन्हा काही व्होल्ट चढवतो. जंग-मार्शचं अ‍ॅबसॉर्प्शन ते हेच. कानाला कळो न कळो, बोटाला कळतं.

*

मेन्सच्या तोंडाशी, फेज आणि चेसिसमध्ये बसवलेला कंडेन्सर. जुन्या सर्किटमध्ये तो साधा ०.०१ असतो. तो शॉर्ट झाला तर चेसिस जिवंत. तिथे आवाजाचा विचार बाजूला ठेवून वाय२ छापाचाच घालावा; तो बिघडतो तेव्हा उघडा पडेल अशा बेताने बनवलेला असतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये एक्स२. आणि तीन पिनी, अर्थिंगसह. पन्नास हजारांच्या कंडेन्सरचा प्रीअ‍ॅम्प दोन पिनी प्लगवर चालवणारा माणूस मी पाहिला आहे.

*

फिल्म कंडेन्सरच्या एका टोकाशी कधी पट्टी असते: बाहेरच्या फॉइलची बाजू. ती कमी इम्पिडन्सच्या बाजूला, म्हणजे आधीच्या प्लेटकडे जोडावी. मग बाहेरचा फॉइलच थोडा आडोसा देतो. पट्टी नसेल तर ऑसिलोस्कोप लावून कंडेन्सर बोटांत धरायचा आणि टोकं उलटसुलट करायची. हम कमी दिसते ती जोडणी खरी.

मोठ्या महाग कंडेन्सरचा हा एक तोटा कुणी सांगत नाही. अंगाने मोठा, टोकं लांब, आणि टॅगस्ट्रिपवर बसत नाही म्हणून हवेत लोंबकळणारा. हम पकडायला उत्तम.

*

खरेदी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, ज्याचं कागदावरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुण्यात तपकीर गल्ली. फिल्म कंडेन्सर घ्यायला परदेशी पार्सलची वाट बघायची गरज नाही: नाशिकला एपकॉसच्या, म्हणजे आताच्या टीडीकेच्या, कारखान्यात बनतात, लोणी काळभोरला विशेचा कारखाना आहे. इलेक्ट्रोलिटिकला केरळच्या केल्ट्रॉनचं नाव जुनं. सैन्याच्या कोठारातून निघालेले रशियन के४०वाय-९, धातूच्या नळीतले तेल-कागदी, हेही हौशींमध्ये फिरतात. बांधणी भक्कम, गळती कमी. पण पार्सलचा खर्च धरला की स्वस्ताई उरत नाही.

नकली मालाची खूण: इलेक्ट्रोलिटिक हातात घेऊन बघावा. आकाराच्या मानाने हलका लागला तर मोठ्या डब्यात छोटा बसवलेला असू शकतो. एका दुकानातून आणलेला ‘४५० व्होल्ट’चा नग कापून पाहिला तेव्हा आत खरंच दुसरा, बारका कंडेन्सर होता. आणलेला प्रत्येक नग मीटरवर मोजून, मूल्य चिकटपट्टीवर लिहून डब्यात टाकावा. आरआयएएसाठी जोड्या याच डब्यातून निघतात; दहा नग घेतले तर दोन चॅनलना एक टक्क्यात जुळणारी जोडी बहुधा सापडते.

पॉलिस्टायरिन सोल्डर करताना पायाला चिमटा लावावा. ८५ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो आणि मूल्य कायमचं बदलतं.

*

७८च्या तबकड्यांसाठी स्विच. आरआयएए कर्व्ह रुळला तो १९५४नंतर. अब्दुल करीम खाँ गेले १९३७ साली. त्यांची तबकडी या नेटवर्कमधून वाजवली तर वरची पट्टी दबते आणि खालच्या मध्यात फुगवटा येतो. सगळे म्हणतात जुनं रेकॉर्डिंगच तसं.

सी१च्या ०.०१ला स्विचने आणखी एक ०.०१ समांतर जोडला की ५००चा कोपरा २५० हर्ट्झवर उतरतो. सी२चे ३३०० असे फोडायचे की १००० कायम आणि २३०० स्विचवर. उघडल्यावर मिलर धरून ११०० उरतात आणि वरचा कोपरा साडेपाच हजारांच्या आसपास जातो. स्विच व्हॉल्व्हच्या बेसशेजारीच बसवायचा आणि दांडा लांब घेऊन पुढच्या पॅनलवर आणायचा; वायर लांब नेली तर हम आली. त्या काळात कर्व्ह कंपनीगणिक, सालागणिक वेगळे. त्यामुळे या जास्तीच्या ०.०१ला जे-के बघत बसायचं कारण नाही. डब्यात पडलेला दहा टक्क्यांचा पॉलिएस्टरही चालेल.